दिवसाआडचा ताप

संगणकाच्या दुखण्यांत सर्वांत फसवे दुखणे कोणते असे कोणी विचारले, तर मी आता विनासंकोच सांगेन की चालता चालता आपोआप पुन्हा सुरू होणे. यंत्र मुळीच सुरू होत नसेल तर काम त्या मानाने सोपे असते. बिघाड समोर उभा असतो, पळून जात नाही. हे दुखणे निराळे. यंत्र उत्तम चाललेले असते, पंखे घुमत असतात, पडद्यावर रंग उसळत असतात आणि निमिषार्धात सारे काळोखात जाते. आपण खुर्चीतून उठेपर्यंत यंत्र स्वतःच पुन्हा उठते आणि काहीच घडले नाही अशा थाटात पासवर्ड मागते. तपासायला बसावे तर प्रकृती ठणठणीत.

आमच्या नातवाच्या संगणकाला हे दुखणे २०२३ च्या दिवाळीनंतर जडले. हे यंत्र त्याने आदल्या वर्षी स्वतः सुटे भाग जमवून, स्वतःच्या हाताने बांधले होते. मुंजीत भिक्षावळीला आणि आहेरात आलेले पैसे आम्ही त्याच्या नावाने ठेवले होते. ती ठेव मुदत संपून हाती आली आणि तिचा हा असा विनियोग झाला. सूनबाईंच्या मते त्या पैशांचे सोने घ्यायला हवे होते. आमच्या रामबागेतल्या जुन्या घरात, पणजोबांच्या काळच्या देवळीशेजारी, काचेच्या पेटीत निळे-जांभळे दिवे लावून हे यंत्र बसले तेव्हा मलाही ते काहीसे उपरेच वाटले होते. पण मुलाने ते जोडताना जी एकाग्रता दाखवली ती मी पाहिली होती. प्रोसेसरवर लावायचा लेप वाटाण्याएवढाच का घ्यायचा, हे त्याने मला आपण होऊन समजावले होते. बारावीच्या मुलाने आजोबांना काही समजावून सांगावे, हे आजकाल दुर्मीळच.

यंत्र खेळताना बंद पडते, म्हणजे खेळामुळेच बंद पडते, हा निवाडा घरात पहिल्याच आठवड्यात होऊन गेला. चिरंजीव म्हणाले, "यंत्रालासुद्धा कंटाळा आला." बारावीचे वर्ष, त्यात हे. पुढच्या महिन्यात त्यांनी यंत्र विकून टाकायचे ठरवले आणि गिऱ्हाईकही पाहिले. ऑफिसचे काम करताना, चित्रपट पाहताना यंत्र कधी बंद पडत नसे. नेमके मोटारींच्या शर्यतीचा तो भरधाव खेळ चालू असतानाच पडे. त्यामुळे मुलाच्या बाजूने बोलायला कोणापाशी काही उरले नव्हते. त्याने माझ्याकडे एवढेच मागितले की बाबांना एक महिना थांबायला सांगा. मी तो महिना मागून घेतला.

शोध सुरू झाला तो यंत्राच्याच रोजनिशीपासून. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर नावाची एक चोपडी असते. यंत्रात काय काय घडले त्याच्या नोंदी तीत आपोआप होत असतात. तिथे प्रत्येक वेळी कर्नेल-पॉवर या नावाखाली ४१ क्रमांकाची एकच नोंद सापडे आणि तिचा मथितार्थ एवढाच, की यंत्रणा रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाली. हे तर आम्हालाही ठाऊक होते. पण मुलाने एक बारकावा दाखवला. ही नोंद यंत्र बंद पडताना होत नाही. ते पुन्हा उठल्यावर, मागचा हिशेब अपुरा दिसला म्हणून होते. चालकप्रणालीतच काही गडबड झाली असती तर मरणापूर्वी यंत्राने निळा पडदा दाखवला असता, त्रुटीचा क्रमांक टिपला असता, आणि मिनीडम्प नावाच्या कप्प्यात एक फाईल मागे ठेवली असती. निळा पडदा दिसायच्या आत यंत्र परस्पर पुन्हा सुरू होऊ नये, म्हणून आपोआप सुरू होण्याची मुभाही त्याने सेटिंगमध्ये जाऊन काढून घेतली. तरी यंत्र तसेच उठत राहिले. कप्पा रिकामा आणि त्रुटीचा क्रमांक शून्य. याचा अर्थ, लिहिणाऱ्याच्या हातातली लेखणीच कोणी हिसकावून घेत होते. वीज गेली की लिहिणारा आणि कागद दोन्ही एकदमच जातात.

त्यानंतरचे तीन आठवडे एकेक संशयिताला वगळण्यात गेले. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोके खोडरबराने पुसली (हा उपाय आपल्याकडे प्रत्येक दुकानात करतात आणि पुष्कळदा तो लागूही पडतो). मेमटेस्ट-८६ नावाचा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवला. तो स्मृतीच्या प्रत्येक घरात ठरावीक आकृत्या लिहितो आणि पुन्हा वाचून पाहतो. सकाळी चूक शून्य. उष्णतेचाही विचार झाला. प्रोसेसर साधारण शंभर अंश सेल्सियसच्या जवळ गेला की आधी स्वतःची चाल मंद करतो आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद होते. पण तापून बंद पडलेले यंत्र सहसा बंदच राहते, लगेच उठून बसत नाही. शिवाय खेळ ऐन रंगात असतानाही आकडा ऐंशीच्या पुढे गेलेला दिसला नाही.

मग प्राइम-९५ ची पाळी आली. या प्रोग्रामची हकीकत मला त्या सबंध शोधातली सर्वांत रंजक गोष्ट वाटली. तो मुळात संगणकाची परीक्षा घेण्यासाठी लिहिलेलाच नाही. १९९६ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पात जगभरचे हौशी लोक आपापल्या संगणकांवर मर्सेन जातीच्या प्रचंड मूळ संख्या शोधू लागले, त्यासाठी तो लिहिला गेला. दोनाचा कुठलासा घात घ्यावा, त्यातून एक वजा करावा आणि उरलेल्या संख्येला कोणी भाजक आहे का ते पाहावे, एवढेच त्याचे काम. पण ही गणिते प्रोसेसरला इतकी पिळून काढतात आणि त्यांत एका अंकाचीही चूक खपत नाही, की यंत्राचा कस पाहायला यापरते साधन नाही असे लोकांच्या लक्षात आले. त्यातल्या त्या पर्यायाचे नावच 'छळ-चाचणी' असे आहे. आमच्या देवळीशेजारी दोन तास हा छळ चालला, पंखे विमानासारखे घोंघावले, आणि यंत्र डगमगले नाही.

उरला तो एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घेऊन यंत्राला १२, ५ आणि ३.३ व्होल्टची सरळ वीज देणारा डबा. मुलाचा मुख्य संशय यावरच होता आणि तो निराधार नव्हता. अलीकडची ग्राफिक्स कार्डे सरासरीने तीनशे वॅट घेत असली तरी मधूनच सेकंदाच्या अगदी लहान अंशापुरती दुप्पट उचल करतात. जुन्या धाटणीचे डबे अशा हिसक्याला घाबरून स्वतःला बंद करून घेतात. इंटेलने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढलेल्या एटीएक्स ३.० या मानकात म्हणूनच अट घातली गेली, की डब्याने आपल्या क्षमतेच्या दुप्पट मागणी शंभर मायक्रोसेकंदांपर्यंत सोसली पाहिजे. आमचा डबा ६५० वॅटचा, त्या मानकाच्या आधीचा.

यंत्र दुकानात नेले. तिथे ते दोन दिवस आणि एक रात्र अखंड चालवून पाहिले. एकदाही पडले नाही. दुकानदाराने तपासणीचे पैसे घेतले आणि "बच्चे को बोलिए थोड़ा कम खेले" असा सल्ला फुकट दिला. घरी आणल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी यंत्र पडले. घरात असलेला ६०० व्हीएचा यूपीएस जोडून पाहिला, तर तो खेळ सुरू होताच किंचाळू लागला. ६०० व्हीए म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास. हे यंत्र खेळताना साडेचारशेच्या वर जाते. त्याच्याकडून पहाऱ्याची अपेक्षा करणेच चूक होते.

या सगळ्यात माझे काम एकच होते. मुलाने सांगितल्याप्रमाणे मी एका वहीत यंत्र पडल्याचा वार, तारीख आणि वेळ लिहीत होतो. महिना संपत आला तेव्हा त्या पानावरून बोट फिरवताना मला आमच्या लहानपणीच्या डॉक्टरांची आठवण झाली. ताप आलेल्या मुलाला ते आधी हात लावत नसत. आईला विचारत, ताप रोज येतो की दिवसाआड? दिवसाआड थंडी वाजून येणारा ताप म्हणजे हिवताप, हे ते नाडी पाहण्यापूर्वीच ठरवून टाकीत. माझ्या वहीतला ताप दिवसाआडचा होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार, मग सोमवार, बुधवार. वेळ सायंकाळी सात ते आठच्या दरम्यान. मधले दिवस कोरडे.

यंत्राला वार कळत नाहीत. ग्राफिक्स कार्डाला सोमवार आणि मंगळवार सारखेच. दिवसाआड आमच्या घरात येते ते नर्मदेचे पाणी. इंदूरकरांना हे सांगायला नको. पण इतर ठिकाणच्या वाचकांसाठी सांगतो, की १९७८ पासून नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर तोडून या शहरात येते आणि पुष्कळ वस्त्यांना ते एक दिवसाआड मिळते. आमच्या गल्लीची पाळी सायंकाळची. नळ आला की अंगणातला हौद भरतो, आणि हौद भरला की गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला एक अश्वशक्तीची मोटर लावली जाते. वहीतल्या वेळा आणि मोटरीच्या वेळा जुळवायला पाच मिनिटे लागली.

नातवाला सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा, पण मोटर चालू असताना मी अभ्यास करतो तेव्हा का नाही पडत?" प्रश्न बिनतोड होता, आणि त्याचे उत्तरही त्यानेच शोधले. एसएमपीएसच्या पोटात एक मोठा कपॅसिटर असतो. भिंतीतली वीज क्षणभर गचकली तर तेवढ्या वेळापुरती शिदोरी त्यात साठवलेली असते. पूर्ण भार असताना ही शिदोरी सुमारे १६-१७ मिलिसेकंद पुरावी असा संकेत आहे. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, म्हणजे शिदोरी एका आवर्तनालाही धड पुरत नाही. पण भार कमी असेल तर तीच शिदोरी कितीतरी जास्त टिकते. अभ्यासाच्या वेळी यंत्र ऐंशी-नव्वद वॅट घेते, तेव्हा गचका तीन-चार आवर्तनांचा असला तरी निभावून जाते. खेळताना साडेचारशे वॅट, तेव्हा शिदोरी डोळ्याचे पाते लवायच्या आत संपते. ती संपली की डबा मदरबोर्डला दिलेला 'वीज ठीक आहे' हा संकेत मागे घेतो, आणि मदरबोर्ड निमूटपणे सारे सोडून पहिल्यापासून सुरुवात करतो. म्हणजे खेळाचा संबंध होता तो एवढाच. चिरंजीव अर्धे खरे होते, असे म्हणता येईल. तेवढे श्रेय त्यांना द्यायला माझी हरकत नाही.

आता राहिला मुख्य प्रश्न. एक अश्वशक्तीची मोटर हजारो घरांत लागते, तिथे संगणक पडत नाहीत. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते हे खरे, परंतु चांगल्या वायरिंगमध्ये तेवढ्याने दिव्याची ज्योत जेमतेम हलते. आणि आमच्या घरात दिवे तर हलतच नव्हते. इथे मला एक गोष्ट ध्यानात आली. पिवळ्या दिव्यांच्या काळात पाटा-वरवंटा सोडून मिक्सर आला तेव्हा तो लावला की स्वयंपाकघरातला बल्ब मान टाकीत असे. मोटर लागली की माजघर क्षणभर मिणमिणे. विजेच्या नाडीचे ठोके घरातल्या सर्वांना दिसत. त्या बल्बांच्या जागी आम्ही एलईडी लावले. एलईडीच्या आतली चकती वीज कमी-जास्त झाली तरी प्रकाश तोच ठेवते. बिल कमी झाले आणि प्रकाश वाढला, पण ठोका दिसेनासा झाला. तो ज्याला जाणवत होता असे एकच यंत्र घरात उरले होते, आणि तेच आम्ही विकायला निघालो होतो.

वायरमन आला. तो आमच्याकडे वीस वर्षे येतो. संगणकाकडे त्याने पाहिलेही नाही. सरळ जिन्याखालच्या मेन स्विचपाशी गेला. तिथे सागवानी फळीवर चिनी मातीचे जुने कट-आउट आहेत. नव्या एमसीबीची पेटी नंतर त्यांच्या शेजारी बसवलेली. त्याने वीज बंद केली, फळी पुढे ओढली आणि न्यूट्रलच्या जोडाला बोट लावून झटकन मागे घेतले. "बाबूजी, कंप्यूटर को छोड़िए। पहले ये देखिए।" जोडावरचे आवरण वितळून ओघळले होते. तार काळी ठिक्कर पडली होती. फळीवर तळहाताएवढा भाग कोळशासारखा झाला होता, आणि नखाने खरवडले की भुगा पडत होता.

ही तार ॲल्युमिनियमची, साठ-सत्तरच्या दशकांत तांब्याऐवजी सर्रास वापरली गेली तशी. ॲल्युमिनियम मऊ असते. स्क्रूखाली वर्षानुवर्षे दाबले गेले की ते हळूहळू सरकते, तापून प्रसरण पावते, निवून आक्रसते आणि पकड सैल होते. उघड्या पृष्ठभागावर त्याच्या भस्माचा जो थर चढतो तो विजेला अडवतो. सैल जोड म्हणजे अडथळा, आणि अडथळा म्हणजे उष्णता. मुलाने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. चालू मोटरीचे सहा अँपियर आणि जोडात समजा एकच ओहमचा अडथळा, तर तिथे ३६ वॅट उष्णता निघते. ३६ वॅट म्हणजे डाग द्यायची एक सोल्डरिंग आयर्न. दिवसाआड तासभर आम्ही सागवानाच्या फळीला तापलेली आयर्न टेकवून ठेवत होतो, असा त्याचा अर्थ. मोटर सुरू होण्याच्या झटक्याला तर हा जोड क्षणभर तुटतही असे आणि ठिणगी पाडून पुन्हा जुळे. संगणकाला जाणवे तो हा तुटलेला क्षण.

मी विचारले, मग एमसीबी का पडली नाही? तो हसला. एमसीबी प्रवाह जास्त झाला तरच पडते. सैल जोडात प्रवाह वाढत नाही, उलट कमीच होतो. गळती मोजणारे यंत्र बसवले असते तरी तेही गप्प राहिले असते, कारण वीज कुठे गळत नव्हती, फक्त वाटेत जळत होती. जिन्याखालच्या त्या फळीच्या वर जिना लाकडाचा, त्यावर माडी लाकडाची, माडीवर आमचे घरातून आणि मी झोपतो.

त्या रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही. यंत्र विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. चिरंजीवांनी गिऱ्हाइकाला फोन केला तो मी ऐकला. कारण त्यांनी काही सांगितले नाही, फक्त "विचार बदलला" एवढेच म्हणाले. मुलाला मात्र त्यांनी हाक मारून शेजारी बसवले आणि शिदोरीचे ते सारे पहिल्यापासून समजावून घेतले. मध्ये दोनदा त्यांना कळले नाही, तेव्हा मुलगा अजिबात वैतागला नाही.

पुढल्या पंधरवड्यात पुढच्या भागातले सारे वायरिंग बदलले. मेन स्विचची फळी गेली, तिच्या जागी लोखंडी पेटी आली, तांब्याच्या तारा आल्या. अंगणात अर्थिंगचा खड्डा नव्याने खणून कोळसा आणि मीठ भरले. जुना खड्डा तुळशीवृंदावनामागे होता. आमच्या आई उन्हाळ्यात त्यात आठवणीने तांब्याभर पाणी ओतीत. त्या गेल्यानंतर ते कोणी ओतले नाही. नव्या अर्थिंगचा एक परिणाम तत्काळ दिसला. संगणकाच्या पेटीला पाठीमागून हात लागला की जी बारीक झिणझिणी येत असे, ती थांबली. एसएमपीएसच्या गाळणीतली वीज जमिनीत उतरायला वाट नसली की पेटीवरच रेंगाळते, असे मुलाने सांगितले. त्या झिणझिणीची आम्हा सर्वांना इतकी सवय झाली होती, की घरातल्या फ्रिजचा दरवाजा आम्ही पदराने किंवा रुमालाने धरून उघडत असू आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

मोटर दिवसाआड लागते आणि यंत्र चालू राहते. मी वही बंद केलेली नाही. जानेवारी २०२४ नंतर तिच्यात एकच नोंद आहे आणि त्या दिवशी सबंध गल्लीची वीज गेली होती. बारावीचा निकाल समाधानकारक लागला. अभियांत्रिकीला मुलाने विद्युत शाखा घेतली, संगणक नव्हे. याचे सूनबाईंना अजून आश्चर्य वाटते.

मागच्या सोप्यातले वायरिंग मात्र अद्याप जुनेच आहे. लाकडी पट्टीवरून गेलेली तीच ॲल्युमिनियमची तार, तशाच फळ्या. तो वाटा चुलत भावांचा. खोल्यांना कुलूप आहे, किल्ली पुण्याला आहे. त्या बाजूची वीज वायरमनने खांबाजवळूनच तोडून ठेवली आहे. मी दोन पत्रे लिहिली, नातवाने वितळलेल्या जोडाचा फोटो पाठवला. दिवाळीला येतो म्हणून निरोप आला आहे.